‘सगळ्यांकडे आहे’ : आमच्या सोसायटीतल्या पालकांना आणि व्यवस्थापन समितीला खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणार होते. पण टँकर कधी येणार आणि बेसमेंटमध्ये कुणी गाडी आडवी लावली आहे, या गदारोळात ते पंधरा मिनिटांत दिसेनासं झालं असतं. म्हणून नीट लिहून काढलंय. लिफ्टजवळच्या बोर्डावर लावते आहे आणि चेअरमन-सेक्रेटरी दोघांनाही एकेक प्रत देते आहे. विषय पार्किंगचा नाही, पाण्याचा नाही. विषय पीएस फाइव्हचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या त्या महागड्या यंत्राचा, कन्सोलचा आहे.

“सगळ्यांकडे आहे” हे वाक्य तुमच्या घरात अजून आलं नसेल तर तुमचं मूल चौथीच्या आत असणार, किंवा कॉलेजात. पाचवी ते आठवीच्या घरांमध्ये ते रोज रात्री जेवणाच्या ताटाशी येऊन बसतं. मी बँकेत नोकरी करते. कुणी ‘सगळे’ म्हणालं की ‘म्हणजे नक्की किती’ असं विचारायची खोड आहे. बी आणि सी विंगमध्ये चौकशी केली, तर सगळे म्हणजे चार घरं निघाली. त्यातल्या दोन घरांनी काय सांगितलं असेल? “अहो, बाकी सगळ्यांकडे आला होता, म्हणून शेवटी आम्हीही घेतला.” दोन घरांची खरेदी ‘सगळे’ व्हायला एक दिवाळीची सुट्टी पुरली.

मुलं यात खोटं बोलत नाहीत. गेटजवळच्या कट्ट्यावर संध्याकाळी ज्यांचा आवाज चालतो, ते त्यांच्या हिशेबी सगळे. फुटबॉलच्या गेममध्ये कुणाच्या टीममध्ये फ्रान्सचा एम्बापे आला, कुणी खेळाडूंचा पॅक उघडला आणि त्यात चांगलं काहीच निघालं नाही, काल रात्री शेवटच्या मिनिटाला गोल कसा झाला, याच गप्पा. ज्याच्या घरी कन्सोल नाही तो गप्प उभा राहतो. किंवा आमच्या घरात घडलं तसं घडतं: मुलगा यूट्यूबवर दुसऱ्यांनी खेळलेल्या मॅचेस बघून ठेवतो आणि खाली जाऊन जणू स्वतःच खेळला अशा थाटात बोलतो. गृहपाठापेक्षा या तयारीला तो जास्त वेळ देतो. मला त्याचा राग आला नाही, खरं सांगायचं तर कौतुकच वाटलं. आणि त्याला नेमकं काय हवं आहे हेही तिथेच कळलं.

अ‍ॅलिसन प्यू नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये, गरीब आणि श्रीमंत दोन्ही वस्त्यांतल्या मुलांबरोबर बराच काळ घालवून हेच पाहिलं होतं. त्यांचं संशोधन २००९ साली प्रसिद्ध झालं. त्या मुलांमध्ये तेव्हा गेम बॉयची, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या गेमयंत्राची चलती होती. त्यांचं म्हणणं असं, की मुलांना इतरांच्या वर जायचं नसतं, इतरांच्या बोलण्यात सामील व्हायचं असतं. वस्तू हे त्या बोलण्यात शिरायचं तिकीट. पालकांबद्दलचं त्यांचं निरीक्षण तर मला आपल्या बागेतल्या बाकांवर बसून लिहिल्यासारखं वाटतं. हातावर पोट असलेले आईबाप बिलं थकवतील, पण मुलाला ती एक वस्तू घेऊन देतील, कारण त्यानं वर्गात खाली मान घालू नये. आणि सुखवस्तू आईबाप एखादी वस्तू मुद्दाम देत नाहीत आणि ते चारचौघांत सांगतात: “आमच्याकडे स्क्रीन अजिबात नाही हो.” त्याच मुलाकडे घोडेस्वारीचा क्लास, स्केटिंग आणि परदेशातली सुट्टी असते. रागावू नका, पण आपल्याकडे दोन्ही प्रकार आहेत आणि दुसऱ्या प्रकारातल्या काहीजणी माझ्या चांगल्या मैत्रिणी आहेत.

काही बाबालोक म्हणतात, आमच्या लहानपणीही हे होतंच की. होतं, पण उलट्या दिशेनं. सोलापूरला आमच्या वाड्यात एकाच घरी टीव्ही गेम होता. निंटेंडोनं १९८३ साली जपानमध्ये जे यंत्र आणलं, त्याची ती स्वस्त नक्कल होती हे फार नंतर कळलं. कॅसेटवर ‘९९९९ इन वन’ असं लिहिलेलं असे आणि आत फिरून फिरून मारिओ, काँट्रा आणि ते बदकं टिपायचं. मुलगी असल्यामुळे माझा नंबर सगळ्यांत शेवटी, आणि लाइट जायच्या आत लागला तरच. पण अख्खा वाडा त्या एका टीव्हीसमोर असायचा. ज्याच्याकडे गेम नाही तो खेळाबाहेर नव्हता, फक्त रांगेत होता.

आजच्या कन्सोलचा खरा खेळ ऑनलाइन आहे. चौघांना मिळून टीम करायची तर चार घरांत चार यंत्रं हवीत, चार हेडसेट हवेत, आणि विकतच्या बहुतेक गेमसाठी पीएस प्लसचं, म्हणजे ऑनलाइन खेळता यावं म्हणून पैसे भरून घ्यायचं सदस्यत्वही. पूर्वी ज्याच्याकडे वस्तू होती त्याला ती मिरवायला मित्र लागायचे; आता खेळायलाच लागतात. म्हणून ज्याच्या घरी कन्सोल येतो तोच पोरगा इतरांच्या मागे लागतो. तो वाईट म्हणून नव्हे. इतका खर्च करून घरात आलेल्या यंत्रासमोर तो एकटाच बसलेला असतो आणि त्याला करमत नाही, म्हणून. मुलांमधल्या दबावाला आपण ‘संगत’ म्हणून मोकळे होतो, पण इथे संगत वाईट नाही. यंत्र असं बांधलंय की एका घराची खरेदी शेजारच्या घरात मागणी होऊन शिरते.

मित्राच्या घरी जाऊन खेळण्याची पद्धत अजून पूर्ण गेलेली नाही, हे खरं. पण तिथेही गाठ आहेच. खोक्यात कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचा पॅड, एकच येतो. दुसरा घ्यायचा तर पाच-सहा हजार रुपये. तो कुणाच्या हातात द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार बारा वर्षांच्या यजमानाकडे जातो, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या हाती एवढी सत्ता मी तरी दिली नसती. दुसरा पॅड कुणाला, तिसरा नंबर कुणाचा, कोण नुसता बघणार, आणि कुणाला आज “आई ओरडते” असं सांगून दारातूनच परत पाठवायचं, सगळं तिथे ठरतं. त्या घरच्या आईचीही दया येते. रविवारी दुपारी तिच्या हॉलमध्ये सहा मुलं, सहा बश्या पोहे, आरडाओरडा, आणि वर सोसायटीत बोलणं हे की यांनीच मुलांना नादाला लावलं. त्या चार घरांनी कृपा करून हे पत्र आपल्यावर आहे असं समजू नये. उलट सगळ्यात जास्त भुर्दंड तुम्हीच भरताय.

आणि एक मुलगा आहे, जो कुणाच्या ‘सगळ्यां’त नाही. आपल्या वॉचमनकाकांचा. पंप रूमशेजारच्या खोलीत राहतो, महापालिकेच्या शाळेत सातवीत आहे, आणि आपल्या टीममध्ये त्याच्याइतका चांगला डावखुरा बॉलर दुसरा नाही. अंधार पडेपर्यंत तो सगळ्यांचा लाडका असतो. त्याच्यावरून भांडणं होतात, तो कुणाच्या टीममध्ये म्हणून. बॉल दिसेनासा झाला की बाकीची मुलं लिफ्टनं वर जातात, हेडसेट लावतात आणि पुन्हा एकत्र येतात. तो खालीच राहतो. त्यानं कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही. मी मुलाला विचारलं, त्याला घरी का नाही बोलवत तुम्ही? तो म्हणाला, “त्याला खेळता येत नाही ना, आमची टीम हरते.” निर्दयपणा नव्हता त्यात, सरळ हिशेब होता. पण हा हिशेब मुलांनी एकट्यानं मांडलेला नाही. त्याला घरात बोलवावं की नाही, याची चाचपणी मुलं आपल्या चेहऱ्यांवरून करतात.

आता पैशांकडे येते, कारण ते माझं क्षेत्र. पीएस फाइव्ह भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती, पुढे ती ५४,९९० झाली. नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास. एवढे पैसे एकदम देणं जड जातं म्हणून ‘नो कॉस्ट ईएमआय’. बँकेतली बाई म्हणून सांगते, शून्य टक्के व्याज असं काही नसतं. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना तसं स्पष्ट कळवलंय. व्याज लागतंच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट देऊन ते झाकते. त्या व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र तुमच्याच कार्डावर पडते. ज्याला परवडतं त्यानं जरूर घ्यावा. मला काळजी त्यांची आहे ज्यांचे दोन हप्ते आधीच चालू आहेत आणि जे केवळ पोरगा कट्ट्यावर एकटा पडू नये म्हणून तिसरा सुरू करतायत. असे आपल्यात आहेत. ते ग्रुपवर लिहिणार नाहीत.

बरं, यंत्र घेऊन प्रश्न सुटतो का? तर दार फक्त अर्धं उघडतं. फोर्टनाइट हा ऑनलाइन लढाईचा गेम फुकट आहे, पण त्यात अंगावर कोणता पोशाख आहे त्यावरून तुमची पत ठरते. इंग्लंडच्या तेव्हाच्या बाल आयुक्त अ‍ॅन लाँगफील्ड यांनी २०१९ मध्ये मुलांशी बोलून जो अहवाल काढला, त्यात मुलांनीच सांगितलं होतं की फुकटातला, सुरुवातीला मिळणारा पोशाख घालून आलेल्याला गरीब समजून हिणवतात. तो हिणवणारा पोरगा वाईट, की ज्यांनी पोशाखांचं दुकान खेळाच्या दारातच मांडलं ते? याच गेमच्या कंपनीनं, एपिकनं, डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून एकूण ५२ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. त्यातले साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत करण्यासाठी होते, कारण बटणांची मांडणी अशी की चुकून एक दाबलं तरी खरेदी व्हायची, असा आयोगाचा आरोप होता. फुटबॉलच्या गेममधली विकतची पाकिटं, म्हणजे कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर असलेले ते पॅक, म्हणजे जुगार, अशी भूमिका बेल्जियमनं २०१८ मध्ये घेतली आणि तिथे पाकिटांसाठीचे पॉइंट विकणं कंपनीला थांबवावं लागलं. आपल्याकडे याच पॉइंटांची गिफ्ट कार्डं हल्ली वाढदिवसाला पाकिटात घालून देतात. मी स्वतः एका वाढदिवसात रिटर्न गिफ्ट म्हणून पाहिली आहेत.

जीटीए फाइव्ह या गुन्हेगारीवरच्या गेमबद्दल थोडं. हा गेम २०१३ चा, आपली सातवीतली मुलं तेव्हा रांगत असतील नसतील. त्याच्या खोक्यावर ठळक ‘१८’ छापलेलं आहे, आणि ते उगीच नाही. आत एक छळाचा प्रसंग आहे जो खेळणाऱ्यालाच हातानं करावा लागतो. तरी मुलं त्याबद्दल तज्ज्ञासारखी बोलतात. एका घरानं तो लावला की तो सहा घरांतल्या मुलांनी खेळलेला असतो, आणि उरलेल्या पाच घरांना कुणी विचारलेलं नसतं. कन्सोलमध्ये मुलांसाठी वेगळं खातं उघडता येतं, त्यात वयाची मर्यादा बसते, रोजचा वेळ ठरवता येतो, आणि खर्चाची मर्यादा तर मुळातच शून्य असते, आपण वाढवली तरच वाढते. पण खातं उघडताना घाई असते, मूल खांद्यावर बसलेलं असतं, आणि जन्मतारीख बाबांची जाते. पुढे यंत्राच्या दृष्टीनं तो बेचाळीस वर्षांचा गृहस्थ.

मग बंदी घालायची? मुळीच नाही. चीननं २०२१ मध्ये अठराच्या आतल्या मुलांना ऑनलाइन गेम फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ असा हुकूम काढला. दक्षिण कोरियानं सोळाच्या आतल्यांसाठी मध्यरात्रीनंतर गेम बंद ठेवण्याचा कायदा २०११ पासून चालवून बघितला आणि दहा वर्षांनी तो रद्द करायचं ठरवलं. आपल्या चेअरमनसाहेबांना यातली पहिली कल्पना आवडेल अशी मला भीती आहे. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या बांसी गावानं २०२२ मध्ये ठराव करून अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली. हेतू चांगलाच, पण अशा बंदीत मोठ्यांना काहीच सोडावं लागत नाही.

मला पटलं ते सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद. मोठ्यांचेही. शहरात याचं कौतुक शिस्त म्हणून झालं, पण त्यातली खरी हुशारी वेगळी आहे. भोंगा सगळ्यांना एकदम वाजतो, त्यामुळे कुणाचंही मूल एकटं पडत नाही. आपल्याकडे उलटं होतं. मित्राच्या घरी खेळत बसलेल्या मुलाला मी आठला उठवलं तर तो मॅच अर्धी सोडून येतो, टीम हरते, आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्याची सालं काढली जातात. मग तो माझ्याशी भांडतो आणि मी हरते. तीच मॅच सगळ्यांच्या आयांनी आठला बंद केली तर कुणाचं नाक कापलं जात नाही. आयर्लंडमधल्या ग्रेस्टोन्स गावी २०२३ मध्ये आठ प्राथमिक शाळांच्या पालक संघटनांनी मिळून ठरवलं की माध्यमिक शाळेत जाईपर्यंत मुलांना स्मार्टफोन घ्यायचा नाही. सक्ती नाही, दंड नाही. पण “फक्त माझ्याकडेच नाही” हे वाक्य तिथल्या मुलांच्या हातून काढून घेतलं गेलं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की हा निर्णय प्रत्येक घरानं दार लावून घेऊ नये. चोरून घेतलेला निर्णय दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर जाहीर होतोच.

ज्यांना कन्सोल घ्यायचाय त्यांनी घ्यावा, पण आधी दोन-चार घरांशी बोलावं, म्हणजे आपल्यालाही मुलाला खरं काय ते सांगता येईल. शाळेच्या दिवशी रात्री आठला गेम बंद, ही वेळ सगळ्यांनी मिळून पाळू. दुसऱ्यांची मुलं घरात असताना ‘१८’वाला गेम लावू नये, मूल कितीही ‘समजूतदार’ असलं तरी. गिफ्ट कार्डं वाढदिवसातून बंद करू. पूर्वीसारखं एखादं पुस्तक नाहीतर टेनिस बॉलचा बॉक्स द्या, तो दोन आठवड्यांत हरवतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. एकत्र ऑनलाइन खेळायचंच असेल तर माइनक्राफ्टसारखे गेम निवडता येतील, ते मोबाइलवरचा आणि कन्सोलवरचा मुलगा एकाच जगात बसून खेळू शकतात.

समितीकडे माझी मागणी मात्र ठोस आहे. क्लबहाउस वर्षातून वार्षिक सभेला, हळदीकुंकवाला आणि कुणाच्या तरी साखरपुड्याला उघडतं. तिथला मोठा टीव्ही मागच्या वर्ल्डकपनंतर चालू झालेला मला आठवत नाही. तिथे सोसायटीचा एक कन्सोल ठेवावा. यंत्राचे ५४,९९० धरले, तीन जादा कंट्रोलर अठरा हजारांच्या आसपास, तीन गेम पंधरा हजार. फुटबॉल, क्रिकेट आणि गाड्यांची शर्यत, बस. हे ८८ हजारांच्या घरात जातं. ११२ फ्लॅटमध्ये वाटलं तर घरटी आठशेसुद्धा होत नाहीत, आणि गणपतीत नुसत्या साउंडला आपण यापेक्षा कमी देत नाही. शनिवार-रविवार दुपारी चार ते सात, एका वेळी चौघं, पाटीवर नाव लिहून नंबर. एका घरातला कुणीतरी मोठा माणूस आळीपाळीनं बसेल, पहिले दोन महिने मी बसते. आणि ही सोय आवारात राहणाऱ्या सगळ्या मुलांसाठी, म्हणजे वॉचमनकाकांच्या आणि मावशींबरोबर येणाऱ्या मुलांसाठीही, हे ठरावात शब्दांत लिहिलेलं हवं. तोंडी ठेवलं तर तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी ‘मेंबर्स ओन्ली’ची पाटी लावेल. स्विमिंग पूलचं काय झालं ते आपण बघितलंय.

“आपणच मुलांना गेमची चटक लावायची?” असा आक्षेप येणार हे मला माहीत आहे. चटक लागलेलीच आहे. फरक इतकाच पडेल की बंद खोलीत हेडसेट लावून चालणारा खेळ चार लोकांदेखत होईल, दुसरा पॅड कुणाला द्यायचा हे यजमान पोरगा न ठरवता पाटी ठरवेल, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना ईएमआयच्या फॉर्मवर सही करण्याआधी एक पर्याय असेल. सहा महिने करून बघू. नाही जमलं तर यंत्र विकायचं, जुन्या पीएस फाइव्हला गिऱ्हाइक चुटकीसरशी मिळतं.

येत्या रविवारी सकाळी साडेदहाला क्लबहाउसमध्ये जमूया. मुलांपैकीही तिघांना बोलवू: कन्सोल असलेला एक, नसलेला एक, आणि आपला डावखुरा. त्यांच्याबद्दल ठरवताना ते बाहेर सायकली फिरवत असले तर सगळं पुन्हा जेवणाच्या ताटाशी येईल. भजनी मंडळाच्या काकूंशी मी आधीच बोलून ठेवलंय. शनिवारची चार ते सहा वेळ त्या सोडायला तयार नाहीत, टाळ-पेटी तिथेच राहणार म्हणाल्या. त्यामुळे शनिवारी मुलांचा खेळ सहानंतर धरा, नाहीतर समितीनं काकूंशी स्वतः बोलावं. मी त्या फंदात पडणार नाही.

आपली,
बी विंगमधली एक आई